ॲलर्जीची लांबलचक यादी घेऊन पेशंट आला? कॅज्युअल्टीत या चुका टाळा

रात्रीचे अडीच. पंचावन्नच्या आसपासच्या एक काकू रिक्षातून उतरल्या. हुडहुडी भरलेली, ताप १०३, वरचं बीपी ९०, दोन दिवस लघवीला जळजळ. सोबतच्या सुनेने वहीचं घडी घातलेलं पान पुढे केलं. त्यावर अकरा नावं होती: पेनिसिलिन, सल्फा, डायक्लो, 'उलटीचं इंजेक्शन', 'दातवाल्याचं इंजेक्शन', कोळंबी, वांगं असं करत शेवटी 'सलाईन'. आमच्या ज्युनियरने पान वाचलं आणि माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला.

पहिली चूक तीच. यादी जेवढी लांब तेवढी केस 'वरच्या मजल्याची', हा कॅज्युअल्टीतला जुना विनोद आहे. काळजीखोर माणसांना औषधं जास्त बाधतात, यात तथ्यही आहे. पण आपला चेहरा पेशंटला दिसतो. एकदा तो दिसला की पुढची माहिती मिळत नाही, आणि अकरातलं एक नाव खरंच जीवघेणं असेल तर तेही त्या पानातच राहतं.

'पित्त' म्हणजे कुठलं पित्त?

दुसरी चूक म्हणजे औषधाचं नाव लिहून घ्यायचं आणि काय झालं होतं ते विचारायचंच नाही. आपल्याकडे ॲलर्जी या शब्दाच्या पोटात काहीही मावतं. गोळी उष्ण पडली, सोसली नाही, मानवली नाही, रिॲक्शन आली. त्यात 'पित्त' तर फारच फसवं. आंबट ढेकर आणि मळमळ म्हणजेही पित्त, अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या तरी पित्तच. "डायक्लोने पित्त होतं" हे ऐकून केसपेपरवर लाल शाईने ॲलर्जी लिहिणारा चुकतो आणि "पित्तच ना" म्हणून सोडून देणाराही चुकतो.

"काकू, डायक्लोने कुठलं पित्त झालं होतं? पोटातलं की अंगावरचं?"

"पोटातलं हो. उपाशीपोटी घेतली होती."

"आणि उलटीच्या इंजेक्शनने?"

"मान अशी वाकडी झाली, जबडा आवळला. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे."

हे बाहेरचं नव्हतं आणि ॲलर्जीही नव्हती. मेटोक्लोप्रमाइडने कधी कधी स्नायू असे पिळवटतात, प्रोमेथाझिन दिलं की सुटतात. काकूंना ते औषध पुन्हा देऊ नये हे खरंच, पण उलटी थांबवायला ऑन्डॅनसेट्रॉन आहे. दातवाल्याच्या इंजेक्शनने छाती धडधडली होती, म्हणजे बहुधा बधिरीच्या औषधात मिसळलेलं ॲड्रिनलिन. सलाईन लावल्यावर थंडी वाजली होती, तीही तापातच. दोन मिनिटांत चार नावांचा उलगडा झाला.

प्रश्न पाचच आहेत: कोणतं औषध, घेतल्यावर किती वेळाने, नेमकं काय झालं, किती वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर ते पुन्हा घेतलं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहतो. काकूंना पेनिसिलिनने बाळंतपणात, पंचवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या दिवशी थोडं पुरळ आलं होतं. सुनेच्या पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्या चाळल्या तर गेल्याच वर्षी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनिक ॲसिडचा पाच दिवसांचा कोर्स सापडला. गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या, काही झालं नव्हतं. डब्यावरचं नाव वेगळं, म्हणून हे पेनिसिलिनचंच भावंड आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

पेनिसिलिन लिहिलंय म्हणून चांगलं औषध टाळणं

अमेरिकेत साधारण १०% लोकांच्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी असते. रीतसर तपासणी केली तर त्यातल्या ९०% हून अधिक जणांना ते चालतं. खरी ॲलर्जी असली तरी १० वर्षांत बहुतेकांची ओसरते. सेफॅलोस्पोरिन गटातल्या ॲंटिबायोटिकांशी (सेफ्ट्रिॲक्सोन त्यातलंच) १०% क्रॉस-रिॲक्शन, म्हणजे एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू होणं, हा जुना आकडा अजून पाठ करून घेतला जातो. आजचा अंदाज २ टक्क्यांच्या आसपासचा आहे. सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या, पेशंटला घाबरून कमी ताकदीचं ॲंटिबायोटिक दिलं तर नुकसान ठरलेलंच.

'एएसटी' लिहिलं म्हणजे सुटलो?

एएसटी म्हणजे 'आफ्टर स्किन टेस्ट', आधी कातडीत थोडं औषध टोचून बघणं. हातावर ०.१ मिलीचा फुगा करायचा, पेनाने गोल काढायचा, पंधरा मिनिटांनी 'टेस्ट निगेटिव्ह' लिहायचं. सेफ्ट्रिॲक्सोनची ही टेस्ट डोस आपण इतक्या भक्तिभावाने करतो की कधी कधी वाटतं, ती पेशंटसाठी नसून फाइलसाठी आहे. ती निगेटिव्ह आली तरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळणारी जीवघेणी ॲलर्जी, होऊ शकतो. नुसत्या टोचण्याने लाली आली तर चांगलं औषध हातचं जातं. हॉस्पिटलचा नियम असेल तर करा, पण तिच्या भरवशावर पेशंटकडे पाठ फिरवू नका. पहिल्या डोसनंतर अर्धा तास नजर ठेवा आणि ॲड्रिनलिन ट्रेमध्ये काढून ठेवा.

सर्पदंशात तर ही टेस्ट करायचीच नाही. फुरसं चावून रक्त गोठत नसताना प्रतिविषाची स्किन टेस्ट काहीच सांगत नाही, फक्त वेळ खाते. ॲलर्जीची यादी केवढीही असो, विषबाधेची लक्षणं असतील तर प्रतिविष द्यायचंच, ॲड्रिनलिन तयार ठेवून.

कोळंबीचं एका ओळीत आटोपतो: ती ॲलर्जी ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे, म्हणून तेवढ्यावरून सीटी स्कॅनसाठी शिरेत देतात ते आयोडीनवालं कॉन्ट्रास्ट अडवू नका.

एव्हिल-एफकॉर्लिन आधी, ॲड्रिनलिन नंतर

एव्हिल हे ॲलर्जीचं इंजेक्शन, एफकॉर्लिन हे स्टेरॉइड. ते आधी द्यायची ही सवय जीव घेते. घसा आवळला, घरघर सुरू झाली किंवा बीपी पडलं की मोठ्या माणसाला ॲड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. पेशंटला आडवं ठेवा आणि पाय वर. दम लागला असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, संडासलाही चालवत नेऊ नका. एव्हिल खाज थांबवतं, बीपी उचलत नाही. "मला ॲड्रिनलिनची ॲलर्जी आहे" असं कुणी सांगितलं तरी ॲनाफिलॅक्सिसमध्ये ते अडवायचं नाही.

खरं नाव कसं ओळखायचं

काकूंच्या यादीत 'सल्फा' इतर नावांसारखंच, त्याच निळ्या पेनाने लिहिलेलं होतं. काय झालं होतं विचारल्यावर त्या आधी गप्प झाल्या. मग सून म्हणाली, "तोंड आतून सोललं होतं, डोळे उघडत नव्हते, अंगावरची कातडी निघाली. बारा दिवस ॲडमिट होत्या." म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन, औषधाने कातडी आणि तोंड-डोळ्यांचं अस्तर सोलून काढणारी जीवघेणी रिॲक्शन. तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड, कातडी सुटणं, तापाबरोबर चेहऱ्यावर सूज, असं काही ऐकलं की ते औषध कायमचं बंद. टेस्ट डोस नाही, 'थोडं देऊन बघू' नाही. फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल ही नावं ऐकली तरी असेच कान टवकारा.

आणि लघवीच्या इन्फेक्शनला आमच्या ड्रॉवरमध्ये पहिल्या रांगेत होतं ते को-ट्रायमॉक्साझोल. त्यातल्या दोन औषधांपैकी एक सल्फाच.

काकूंना कल्चर पाठवून सेफ्ट्रिॲक्सोन दिलं आणि सलाईनही लावलं. उजाडेपर्यंत बीपी ११० वर आलं.

राहिलेली चूक नोंदीची. एवढं सगळं विचारून डिस्चार्ज कार्डावर पुन्हा 'मल्टिपल ड्रग ॲलर्जी' एवढंच लिहिलं, तर पुढच्या कॅज्युअल्टीत सगळं पहिल्यापासून. म्हणून सकाळी त्याच ज्युनियरला सुनेजवळ बसवलं. त्याने प्रत्येक नावापुढे काय झालं आणि कधी, ते मराठीत लिहिलं. पेनिसिलिनपुढे 'गेल्या वर्षी घेतलं, चाललं'. सल्फापुढे 'कधीही देऊ नका', खाली दोन रेघा, आणि सल्फा असलेल्या औषधांची नावं. सुनेने पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

वांग्याचं मात्र विचारायचं राहिलं.