जर्मनीत पोचल्यावर आधी लेटरबॉक्सवर नाव लावा

जर्मनीला शिकायला येणारी आपली मुलं व्हिसापर्यंत एकदम चोख असतात. एपीएस सर्टिफिकेट (आपल्या पदव्या तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटमधले (राहण्याच्या खर्चासाठी अडकवून ठेवलेले) 11,904 युरो, विमा, सगळ्याची फाइल तयार. उतरल्यानंतर सुरू होणाऱ्या कागदांबद्दल मात्र कन्सल्टंट एक अक्षर बोलत नाही. मी आखेनला मास्टर्स केलं, पुढे इथेच नोकरीला लागलो. दर सप्टेंबरला नव्या मुलांचे तेच ते फोन येतात, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

पहिलं काम लेटरबॉक्सचं. इथल्या इमारतींमध्ये बहुतेक ठिकाणी फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो; आडनाव दिसलं नाही की पत्र परत. आणि इथे बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं पोस्टानेच येतं. त्यात आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं नाव असतं, त्यामुळे पाकिटावर भलीमोठी रांग छापून येते. बॉक्सवर निदान आडनाव तरी पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच हवं. कुणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्ता देताना ‘केअर ऑफ’ लिहून बॉक्सवर असलेलं त्यांचं आडनाव घाला.

मग आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी. घरात राहायला आल्यापासून 2 आठवड्यांत करायची असा कायदा आहे. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटच त्यानंतरची मिळते. ती मुदतीत बुक केल्याचा ईमेल जपून ठेवा. घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही. म्हणून ‘खोली आहे, पण आनमेल्डुंग होणार नाही’ अशी जाहिरात दिसली तर भाडं कितीही कमी असो, तिचा नाद सोडा. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्रांनी इथे जरा थांबून विचार करावा, कारण ती नोंद झाली की पुढे पगारातून चर्च टॅक्स जातो, आयकराच्या 8 किंवा 9 टक्के. ख्रिस्ती नसलेल्या बहुतेकांना या रकान्याचं काही सोयरसुतक नाही.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत 11 आकडी टॅक्स नंबर येतो. तो जन्मभराचा असतो, फोटो काढून ठेवा. आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येतंच. घरात टीव्ही नाही ही सबब चालत नाही. पण ही वर्गणी माणशी नसून घरटी आहे, महिना 18.36 युरो. चौघे एकत्र राहत असाल तर एकाने भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र कचऱ्यात टाकून हा विषय मिटत नाही, नुसती थकबाकी वाढते.

आता खरं महत्त्वाचं. सरकारी निर्णयाच्या पत्राला बेशाइड म्हणतात. ते बघून पोटात गोळा येतो, पण आपण सगळे वाचायचं सोडतो तो शेवटचा परिच्छेदच कामाचा असतो. हा निर्णय मान्य नसेल तर कुठे आणि किती दिवसांत हरकत घ्यायची, ते तिथे छापलेलं असतं. मुदत साधारण 1 महिना. पिवळ्या पाकिटातून आलं असेल तर पोस्टमनने पाकिटावर लिहिलेली तारीख धरतात, तुम्ही उघडलं कधी याला अर्थ नाही. पाकीट फेकू नका.

मास्टर्स संपून नोकरी शोधत होतो तेव्हा सरकारी आरोग्य विमा कंपनीने मला कमाल हप्ता लावला. मी पाठवलेला उत्पन्नाचा फॉर्म त्यांच्याकडे नोंदलाच गेला नव्हता. माझ्याकडे रजिस्टर पोस्टाची पावती होती. चार ओळींचं हरकतपत्र लिहिलं, सही केली, पावतीची प्रत जोडली आणि पोस्टाने पाठवलं. हप्ता कमी होऊन आला. फोनवर तासभर भांडून हे झालं नसतं. साध्या ईमेलवर केलेली हरकतही सहसा धरत नाहीत. आपल्याकडे ‘कुणी ओळखीचं आहे का आत’ हा पहिला प्रश्न असतो. इथे ओळख शोधण्यात वेळ घालवू नका, तारीख आणि पुरावा शोधा.

सरकारी ऑफिसात काउंटरवरची बाई इंग्रजी येत असूनही जर्मनच बोलली तर रागावू नका. कायद्याने कारभाराची भाषा जर्मन आहे, आणि स्वतः इंग्रजीत बोललेल्या शब्दाची जबाबदारी नको असते तिला. जर्मन येणारा मित्र सोबत न्या.

राहिला व्हिसाचा प्रश्न. रेसिडेन्स परमिट संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज गेलाच पाहिजे. वेळेत गेला तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानतात आणि मागितल्यावर तसा कागद देतात, फिक्त्सियोन्सबेशाइनिगुंग. गणपतीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 81, पोटकलम 4 असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. पोटकलम 3 असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही, तिकीट पुढे ढकला.