दोन विभागांचं एक छोटं अनुदान: प्रस्तावात खरी मेहनत कुठे घ्यावी

विभागांच्या भिंती ओलांडून प्राध्यापकांनी एकत्र संशोधन करावं म्हणून अनेक विद्यापीठं छोटी अनुदानं देतात. कुणी त्याला सीड ग्रँट म्हणतं, कुणी बीज अनुदान. रक्कम बेताची असते, मुदत साधारण एक-दोन वर्षांची. अशा प्रस्तावांबद्दल सर्रास मिळणारा सल्ला असा: दोन लांबच्या शाखांची माणसं जोडा, ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द चार ठिकाणी येऊ द्या, समितीला तेच हवं असतं. हा सल्ला वाईट आहे. मी असे प्रस्ताव लिहिले आहेत आणि छाननीला बसून वाचलेही आहेत. बाद होणारे बरेचसे प्रस्ताव याच सल्ल्यावर उभे असतात.

सुरुवातीला पात्रता, मुदत आणि कोणता खर्च चालत नाही, एवढं नियमावलीत पाहून घ्या.

मग जोडीदार. मोठ्या पदाचा नको, वेळ देणारा हवा. नुसत्या नावाने प्रस्तावाला वजन येत नाही. काही योजनांत तर छाननीही नसते. मिशिगन विद्यापीठाने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘एमक्यूब्ड’मध्ये किमान दोन वेगळ्या विभागांतले तीन प्राध्यापक एकत्र आले की छाननीशिवाय निधी मिळू शकायचा. पण छाननी टळली तरी पुढची पायरी टळत नाही.

ती पायरी म्हणजे सामायिक प्रश्न. मलाही सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच. होतं असं की दोघे भेटतात, गप्पा रंगतात, आपला विषय एकच आहे असं वाटू लागतं. मग प्रस्तावात भाग ‘अ’ एकाचा, भाग ‘ब’ दुसऱ्याचा आणि शेवटी एक संयुक्त कार्यशाळा. हे एका टाचणीने जोडलेले दोन प्रस्ताव आहेत, आणि वाचणाऱ्याला ते दुसऱ्या पानावरच कळतं.

जुन्या जहाजांच्या नोंदवह्या घ्या. इतिहासाचा प्राध्यापक म्हणतो, मी यातून खलाशांचं जीवन पाहतो. हवामानशास्त्राची प्राध्यापिका म्हणते, मी वारे पाहते. साधन एक, प्रश्न दोन. आता याच वह्यांवर झालेला ‘क्लिवॉक’ हा युरोपीय प्रकल्प पाहा. २००१ ते २००३ दरम्यान त्याने १७५० ते १८५० या काळातल्या ब्रिटिश, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश नोंदवह्यांतून महासागरांवरच्या हवामानाची माहिती उभी केली. त्या वह्यांत वाऱ्याचा जोर बहुतेक शब्दांत नोंदलेला असे. वाऱ्याचा जोर आकड्यांत मांडणारी बोफर्टची मापनश्रेणी १८०५ मध्ये तयार झाली आणि रुळायला आणखी काही दशकं गेली. तेव्हा प्रश्न असा झाला: कोणत्या देशाच्या खलाशाच्या कोणत्या शब्दाला वाऱ्याचा किती जोर मानायचा, आणि त्यात चूक किती धरायची? लिहिणारा कुठे तयार झाला, कोणत्या सवयीने लिहायचा, हे जुन्या कागदांचा जाणकार सांगेल. त्या शब्दांचे आकडे करून ते तपासायचे कसे, हे हवामानशास्त्रज्ञ सांगेल. एकाला वगळलं की प्रश्नच कोसळतो.

तुमच्या प्रस्तावाला हीच कसोटी लावा. जोडीदाराचं नाव खोडा. तुमचा अर्धा भाग सुखरूप उभा राहत असेल तर प्रश्न सामायिक नाही. मग एकमेकांना विचारा, ‘माझ्याकडे काय निघालं तर तुला तुझं पुढचं काम बदलावं लागेल?’ दोन्ही बाजूंनी ठोस उत्तर मिळेपर्यंत अंदाजपत्रकाला हात लावू नका. पैसे वाटले गेले की प्रश्नही त्याच रेषेवर दुभंगतो आणि नंतर सांधता येत नाही.

उत्तर काढायची माझी पद्धत साधी आहे. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचं न पाहता, प्रश्न पाच-सहा वाक्यांत लिहायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. फरक दिसेल तिथे थांबा, गुळगुळीत वाक्य लिहून तो बुजवू नका. बहुतेकदा फरक पुराव्याबद्दल असतो. एकाला एक कागद खोलात वाचणं हा पुरावा वाटतो, दुसऱ्याला हजारो नोंदींचा कल. दोन्ही जुळले नाहीत तर काय कराल, हे प्रस्तावात लिहा. माझ्या मते सगळ्या प्रस्तावातला सर्वांत वजनदार परिच्छेद तोच. आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न मिळाला असेल तर सावध व्हा. तो बहुधा एकाचा असतो, दुसऱ्याने फक्त मान डोलावलेली असते.

एवढा आग्रह का? ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिल या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेकडे पाच वर्षांत आलेल्या १८,४७६ प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. शाखा जितक्या लांबच्या, तितकी मंजुरीची शक्यता कमी, असं त्यात दिसलं. लांबच्या शाखांचा प्रस्ताव अंगभूत गुणांवर तरून जाईल या भरवशावर राहू नका. सारांश तिसऱ्याच विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि प्रश्न त्याच्या तोंडून ऐका. त्याला सांगता आला नाही तर समितीलाही कळणार नाही.

अंदाजपत्रकात उपकरणं नकोत. दोन्ही बाजूंना येजा करू शकेल अशा एका संशोधन सहायकाच्या वेळेवर पैसे लावा.

शोधनिबंधावरचा लेखकक्रम आधीच कागदावर ठरवा. गणितात आणि अर्थशास्त्रात नावं बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, तर जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. त्यामुळे एकच यादी दोघे वेगळी वाचतात. लेखकांचं योगदान नोंदवणाऱ्या ‘क्रेडिट’ या वर्गीकरणातल्या १४ भूमिका समोर ठेवल्या की कुणी काय केलं हे भांडण न होता लिहिता येतं. डेटा कुणाकडे राहील, तेही त्याच कागदावर.

माणसांवर अभ्यास असेल तर नैतिकता समितीचा अर्ज लगेच टाका. वित्त विभागाची सही शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

मंजुरी आली की आधी सहायकाच्या नेमणुकीची जाहिरात काढा, कारण छोट्या अनुदानाचे पहिले महिने तिथेच संपतात. नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे लेखी मागा आणि जोडीदाराबरोबर बसून वाचा. ‘दोन भागांचा संबंध स्पष्ट नाही’ असा शेरा असेल तर भाषा सुधारत बसू नका, पुन्हा दोन कोरे कागद घ्या.