कृषी केंद्राच्या कम्प्युटरमधला पसारा कसा आवरायचा

राजेहो, तालुक्याच्या गावातलं कृषी सेवा केंद्र घ्या नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनी घ्या, तक्रार एकच, सॉफ्टवेअर लय अवघड झालं, एका बिलाले पाच मिनिटं लागते. मग कोणीतरी येऊन नवीन सॉफ्टवेअर गळ्यात मारून जाते. माझं म्हणणं हाय की आधी हाय तेच आवरा, कारण पसारा सॉफ्टवेअरचा कमी अन् आपण दरवर्षी त्यात घातलेल्या गोष्टींचा जास्त असते, घालणारे पुष्कळ, काढणारा कोणीच नाही.

पहिलं काम म्हणजे जूनच्या गर्दीत बिल करणाऱ्या पोराच्या मागं खुर्ची टाकून अर्धा दिवस बसा. मालकाले विचारू नका, त्याले स्क्रीन माहीत नसते. पोरगा काय करते ते फक्त पाहा. शेतकऱ्याचं गाव, पीक, एकर असे रकाने भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही म्हणून तो तिथं नुसतं टिंब टाकते, एंटर मारते, पुन्हा टिंब. हे टिंब जिथं जिथं पडते ती यादी लिहून घ्या, काढायच्या गोष्टी त्याच. अन् कीबोर्डच्या बाजूले जी वही पडली असते ती उघडून पाहा, उधारी कोणाची, पैसे कापूस विकल्यावर देणार का सोयाबीनवर, हे सगळं तिच्यात असते. म्हणजे कामाचं वहीत अन् बिनकामाचं कम्प्युटरमधे! वहीतलं ते आत आणायचं, टिंबवालं बाहेर काढायचं.

मग आयटमची यादी. 'युरिया', 'यूरिया 45', 'युरिया बॅग' असा एकच माल तीन नावानं चढलेला असते, म्हणून स्टॉक कधीच जुळत नाही. ज्याच्यावर व्यवहार झाला तो आयटम टॅली, म्हणजे आपलं हिशोबाचं सॉफ्टवेअर, डिलीट करू देत नाही, तवा एकच नाव पक्कं करा, बाकीच्यातला शिल्लक माल स्टॉक जर्नलनं, म्हणजे माल एका नावावरून दुसऱ्यावर टाकायच्या एंट्रीनं, त्यात वळवा अन् जुन्या नावाच्या पुढं 'बंद' लिहून ठेवा. युनिट बी एकच, बॅग म्हणजे बॅग. युरियाची बॅग 45 किलोची अन् डीएपीची 50 किलोची, अन् कोणी बॅगमधे कोणी किलोमधे चढवलं की घोळ तिथंच होते. टॅलीत एफ 11 दाबून पाहा, कोणीतरी गावनिहाय कॉस्ट सेंटर, म्हणजे गावागावाचा हिशोब वेगळा दाखवणारा कप्पा, चालू करून ठेवलं असल, कोणी पाहात नसल तर बंद करा.

पण हात आवरा, सगळंच कापू नका. औषधाचा बॅच नंबर अन् मुदत, बियाण्याचा लॉट नंबर, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा नंबर), हे त्रासदायक वाटलं तरी राहू द्या, बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हातात त्या लॉट नंबरशिवाय दुसरं काय असते? उत्पादक कंपनी असल तर 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉगवालं, म्हणजे कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद ठेवणारं, सॉफ्टवेअर कायद्यानंच लागते, तो लॉग बंद करता येत नाही. कंपनी शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेत असल तर त्यावरचा रिव्हर्स चार्जचा, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा, जीएसटी आपल्यालेच भरा लागते, ती एंट्री नकोशी वाटते म्हणून उडवायची नसते. कोणताही रकाना काढायच्या आधी तो कोणी अन् काहून टाकला हे सीएले विचाराच, दहा मिनिटाचं काम हाय.

एकच खत तीनदा चढते हा तर सगळ्यात मोठा वैताग, पॉस मशीनवर एकदा, टॅलीत एकदा, अन् साहेब मागते म्हणून एक्सेलमधे एकदा. पॉस सरकारी अनुदानाचं हाय, ते आपल्या हातात नाही. टॅली बी लागते. मग जायचं कोणी, एक्सेलनं. साहेबाले टॅलीतूनच स्टॉकचा रिपोर्ट काढून द्या अन् दुकान बंद करताना पॉसचा स्टॉक, टॅलीचा स्टॉक अन् गोदामातल्या बॅगा, एवढा मेळ रोज घाला. फरक त्याच दिवशी सापडते, मार्चमधे शोधत बसावं लागत नाही.

रिपोर्टाचं सोपं हाय, जो कोणी उघडत नसल असं वाटते तो एक महिना द्यायचाच नाही, कोणी ओरडलं तर परत चालू, नाहीतर कायमचा बंद. बिलावाल्या पोराच्या लॉगिनले विक्री, वसुली, माल आवक एवढंच दिसू द्या.

जूनमधे फक्त पाहून यादी करा, बदल मात्र मार्चअखेर ते एप्रिलमधेच करा, नवीन वर्षाचं खातं स्वच्छ सुरू होते अन् मृगाच्या आधी पोराचा हात बसते. पेरणीच्या तोंडावर कोणताच रकाना हलवू नका. जुना डाटा मिटवू नका, जीएसटीची कागदं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने अन् कंपनीचे हिशोब 8 वर्षं ठेवा लागतात, तवा सुरुवात करायच्या आधी पेनड्राइव्हवर दोन बॅकअप घ्या, एक दुकानात अन् एक घरी.