गाणे कोणाचे, हे आधी पाहा: कंट्री संगीतातील गीतलेखिका-गायिकांची कारकीर्द अभ्यासण्याची रीत

अमेरिकेतील कंट्री संगीताशी बहुतेकांची ओळख आवाजातून होते. त्यामुळे ज्या गायिका स्वतःची गाणी स्वतः लिहितात, त्यांची कारकीर्दही आवाज, पुरस्कार आणि लोकप्रियतेच्या यादीतला क्रमांक एवढ्यावरच मोजली जाते. ही मोजणी अपुरी आहे. कंट्रीचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या संगीत व्यवसायात स्त्रीला प्रवेश मिळाला तो आवाजामुळे, पण तिचे पाय तिथे रोवले गेले ते बहुधा लेखणीमुळे. म्हणून अशा कारकिर्दीचा अभ्यास गाण्याच्या श्रेयनामावलीपासून सुरू करावा.

गायिका निवडली की तिच्या दहा-बारा गाण्यांची यादी करावी आणि प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने आखावेत: गायले कोणी आणि लिहिले कोणी. आकाशवाणीवर गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावे ऐकत आलेल्या मराठी श्रोत्याला ही सवय नवी नाही. फरक एवढाच की कंट्रीत गाणे ‘लिहिले’ म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही आली. गाणी ऐकण्याच्या बहुतेक ॲपवर ही नावे सापडतात. त्याहून पक्की माहिती हवी असेल, तर एस्कॅप आणि बीएमआय या, लेखक-प्रकाशकांचे मानधन गोळा करणाऱ्या अमेरिकी हक्कसंस्थांची ‘साँगव्ह्यू’ ही विनामूल्य सूची पाहावी. तिथे लेखकांबरोबर प्रकाशकांची, म्हणजे गाण्याच्या हक्कांचा व्यवहार पाहणाऱ्या संस्थांचीही नावे मिळतात. प्रकाशकाचे नाव न चुकता टिपून ठेवावे, कारण पुढचा अर्धा अभ्यास त्याच्यावरच अवलंबून आहे.

रकाने भरू लागले की काही समजुती लगेच ढळतात. किटी वेल्स यांचे १९५२ चे ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ हे गाणे पुरुषांच्या बेइमानीवर बोट ठेवणारे स्त्रीचे गाणे म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु ते जे. डी. मिलर या पुरुषाने लिहिले. पॅट्सी क्लाइन यांचे ‘क्रेझी’ विली नेल्सन यांचे. उलट लोरेटा लिन यांच्या ‘फिस्ट सिटी’समोर दोन्ही रकान्यांत त्यांचेच नाव येते. यातून वेल्स किंवा क्लाइन उण्या ठरत नाहीत. त्यांची कारकीर्द वेगळ्या जातीची ठरते आणि तिचे अर्थकारणही वेगळे असते.

ते अर्थकारण समजून घेणे ही दुसरी पायरी. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, जी लेखकाची आणि त्याच्या प्रकाशकाची. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, जे सहसा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचे असते. अमेरिकेत पारंपरिक रेडिओवर गाणे वाजले की मानधन रचनेच्या मालकांना मिळते, गाणाऱ्याला नाही. रेकॉर्डच्या विक्रीवरही लेखकाचा हिस्सा कायद्याने ठरलेला असतो. १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत तो दर एका प्रतीमागे एका गाण्याला दोन सेंट इतका होता आणि ती रक्कम लेखक आणि प्रकाशक यांच्यात प्रथेप्रमाणे निम्मी वाटली जात असे. म्हणजे गायिका स्वतः लेखिका असेल तर तिला एक वाटा जास्तीचा, आणि स्वतःची प्रकाशिकाही असेल तर आणखी एक. दौरे थांबले, आवाज थकला, कंपनीने करार मोडला, तरी हे उत्पन्न सुरू राहते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डॉली पार्टन यांचे असल्यामुळे नवशिक्याने तिथूनच सुरुवात करणे सोयीचे. टेनेसीच्या सेव्हियर काउंटीतल्या गरीब घरातली ही मुलगी १९६४ साली शालेय शिक्षण संपताच नॅशव्हिलला आली आणि तिची पहिली ओळख झाली ती इतरांसाठी गाणी लिहिणारी म्हणून. मामा बिल ओवेन्स यांच्यासह लिहिलेले तिचे गाणे १९६६ मध्ये बिल फिलिप्स यांच्या आवाजात गाजले. पुढच्याच वर्षी पोर्टर वॅगनर यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात तिला जागा मिळाली. सात वर्षांनी त्या कार्यक्रमातून बाहेर पडताना वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी पार्टन यांनी ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लिहिले आणि १९७४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

यानंतरचा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. एल्विस प्रेस्ली यांना ते गाणे गायचे होते, परंतु त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी प्रकाशनहक्काचा निम्मा हिस्सा मागितला. पार्टन यांनी नकार दिला. त्या रात्री आपण खूप रडलो, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच तेच गाणे पुन्हा गाऊन दुसऱ्यांदा पहिल्या क्रमांकावर नेले. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते चित्रपटासाठी गायले, अमेरिकेच्या मुख्य यादीत ते चौदा आठवडे अग्रस्थानी राहिले, आणि चित्रपटाच्या संगीताच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. १९७४ चे आणि १९९२ चे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकावे: पार्टन एक कडवे जवळजवळ बोलून दाखवतात, ह्यूस्टन वाद्यांविना सुरुवात करतात. गायकी पार वेगळी, मालकी मात्र तीच.

लोरेटा लिन यांची कहाणी याच नाण्याची दुसरी बाजू दाखवते, आणि माझ्या मते ती अधिक शिकवणारी आहे. केंटकीतल्या खाणकामगाराची ही मुलगी १९६० साली आपली पहिली रेकॉर्ड घेऊन नवऱ्यासोबत मोटारीने एकेका रेडिओ केंद्राचे दार ठोठावत फिरली. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. परंतु सुरुवातीच्या दिवसांत विल्बर्न बंधूंच्या ‘शुअर-फायर’ या प्रकाशनसंस्थेशी लिन यांनी केलेला करार त्यांना पुढे जाचक ठरला. संबंध तुटले, वाद न्यायालयात गेला, आणि नव्या गाण्याचे प्रकाशनहक्कही त्याच संस्थेकडे जाणार म्हणून ऐन कीर्तीच्या काळात त्यांचे स्वतःचे लेखन रोडावले. यादीतले रकाने भरताना हे डोळ्यांना दिसते: साठच्या दशकात लेखिका म्हणून पुन्हा पुन्हा येणारे नाव सत्तरच्या दशकात विरळ होत जाते. प्रतिभा आटली असा निष्कर्ष काढण्याआधी करार पाहावा. प्रतिभा आटली नव्हती, हे २००४ च्या ‘व्हॅन लिअर रोज’ या संग्रहाने दाखवून दिले. तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते.

रेडिओच्या यादीतला क्रमांक हा पुरावा म्हणून घ्यावा, पण जपून. लिन यांनी गायलेले ‘द पिल’ हे संततिनियमनाच्या गोळीवरचे गाणे १९७५ मध्ये अनेक केंद्रांनी वाजवण्यास नकार दिला, तरीही ते कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. आणि हे केवळ जुन्या काळापुरते नाही. मे २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने व्यवसायाच्या साप्ताहिकात स्त्रियांची गाणी लागोपाठ वाजवू नयेत असा सल्ला देताना पुरुष गायकांना सॅलडमधली पालेभाजी आणि गायिकांना वर पेरलेले टोमॅटो म्हटले. जिथे दारच इतके अरुंद ठेवलेले असते, तिथे मोजक्याच क्रमांकांवरून स्त्रीची कुवत ठरवणे अन्यायाचे आहे.

आता नॅशव्हिलमधील कामाची पद्धत समजून घ्यावी. म्युझिक रो परिसरातले प्रकाशक लेखकाला दरमहा ‘ड्रॉ’ देतात. हा पगार नसून पुढच्या कमाईतून वळती होणारी उचल असते. लेखक ठरलेल्या वेळी दोघा-तिघांनी एका खोलीत बसून गाणे लिहितात. एखाद्या गायकाने ते राखून ठेवले तर गाणे ‘होल्ड’वर आहे म्हणतात, ध्वनिमुद्रित केले तर ‘कट’ मिळाला म्हणतात. होल्डवरची कितीतरी गाणी कटपर्यंत पोहोचतच नाहीत. लेखकांचे ऐकण्याचे ठिकाण म्हणजे १९८२ मध्ये सुरू झालेले ब्लूबर्ड कॅफे: दुकानांच्या रांगेतली सुमारे नव्वद खुर्च्यांची जागा, मधोमध समोरासमोर बसलेले तीन-चार लेखक, आणि प्रत्येकाने पाळीपाळीने स्वतःचे गाणे गाण्याची रीत. अशा बैठकींची ध्वनिचित्रमुद्रणे सहज उपलब्ध आहेत. ती अवश्य पाहावीत, कारण इतरांच्या आवाजात गाजलेले गाणे लेखिकेच्या तोंडून ऐकायला मिळते.

सहलेखनाचा माग काढण्यासाठी ‘मामाज ब्रोकन हार्ट’ घ्यावे. मिरांडा लँबर्ट यांनी गाजवलेले हे गाणे ब्रँडी क्लार्क, केसी मसग्रेव्ह्ज आणि शेन मॅकअनॅली यांनी लिहिले. हेच तिघे मसग्रेव्ह्ज यांच्या ‘फॉलो युअर ॲरो’मागे आहेत, ज्याला २०१४ चा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. नॅशव्हिलला न राहताही हे साधते, हे लोरी मॅकेना यांनी दाखवले. मॅसॅच्युसेट्समध्ये पाच मुलांचा संसार सांभाळत त्यांनी ‘गर्ल क्रश’ सहलेखनातून आणि ‘हंबल अँड काइंड’ एकटीने लिहिले, आणि लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम कंट्री गीताचे ग्रॅमी मिळवले.

टेलर स्विफ्ट यांच्याबाबत प्रसिद्धीच्या गदारोळात मूळ मुद्दा हरवतो, म्हणून तेवढाच पाहावा. वयाच्या चौदाव्या वर्षीच त्यांना गीतलेखनाचा करार मिळाला. २०१९ मध्ये त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी त्यांच्या इच्छेविरुद्ध विकली गेली, पण रचनांवरचा हक्क शाबूत होता. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे तर रचनेच्या मालकाचीही संमती लागते, त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या मालकांचे हात बऱ्याच अंशी बांधलेले राहिले. आणि २०२१ पासून स्विफ्ट यांनी तीच गाणी नव्याने गाऊन बाजारात आणली. २०२५ मध्ये त्यांनी मूळ मुद्रणेही विकत घेतली.

आत्मचरित्रपर गाण्यांना साक्ष मानावे, दाखला मानू नये. लग्न तेराव्या वर्षी झाले, असे लिन वर्षानुवर्षे सांगत. २०१२ मध्ये कागदपत्रांवरून ते वय पंधरा असल्याचे उघड झाले. ‘कोल मायनर्स डॉटर’ या गाण्याचे मोल त्यामुळे घटत नाही, पण चरित्र लिहिणाऱ्याने तारखा गाण्यातून घेऊ नयेत.

शेवटी शोध उलटा करावा: गायिकेऐवजी लेखिकेचे नाव घेऊन तिची गाणी कोणकोणी गायली ते पाहावे. टेक्सासच्या सिंडी वॉकर यांच्या नावाने शोधले की ‘यू डोन्ट नो मी’ एडी अर्नल्ड यांच्याकडून रे चार्ल्स यांच्यापर्यंत गेलेले दिसते. मॅट्रेसा बर्ग यांच्या नावाखाली डीना कार्टर यांचे ‘स्ट्रॉबेरी वाइन’ सापडते, ग्रेचेन पीटर्स यांच्या नावाखाली मार्टिना मॅकब्राइड यांचे ‘इंडिपेंडन्स डे’. बर्ग आणि पीटर्स या दोघींनी स्वतःचे संग्रहही काढले आहेत. गाजलेले गाणे आधी ऐकून मग त्या संग्रहांकडे वळावे.