आधी यादी वाचा, मग वाय दाबा: उबुंटूवर पॅकेज घालणं आणि काढणं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं कास्टिंगचे पॅटर्न बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसात तीन जुने कॉम्प्युटर, तिन्हींवर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम. ड्रॉइंग लिब्रेकॅडमध्ये, बिलं लिब्रेऑफिसमध्ये. ही मशिनं मीच सांभाळतो, आणि आता भाच्याला शिकवतोय. त्याला जे सांगतो तेच इथं लिहितो. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा त्याला लागणारा भाग, ॲप्ट म्हणजे ही पॅकेजं आणणारं-काढणारं साधन, आणि आज्ञेआधी सुडो लावलं की ती मालकाच्या अधिकारानं चालते. आज्ञा बोलतो तशा लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडते. पहिली आज्ञा:

सुडो ॲप्ट अपडेट

पासवर्ड विचारेल. टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असं समजू नका, पासवर्ड पुरा करून एंटर मारा. अपडेटनं मशिनमध्ये काहीच बदलत नाही, फक्त कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीत मिळतंय याची ताजी यादी येते. लक्ष्मीपुरीच्या बाजारात फोन करून आजचा भाव विचारावा, तसं. माल आणायची आज्ञा वेगळी: सुडो ॲप्ट अपग्रेड.

पॅकेजचं नेमकं नाव माहीत नसेल तर ॲप्ट सर्च आणि पुढं एखादा शब्द. नाव सापडलं की ॲप्ट शो करून माहिती वाचा. या दोन्हींना सुडो लागत नाही. मग घाला:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिब्रेकॅड

त्याला लागणारी बाकीची पॅकेजं ॲप्ट स्वतःच शोधून आणतं. बाहेरून उतरवलेली डेब फाइल, म्हणजे फाइलीच्या रूपातलं पॅकेज, असेल तर ती ज्या फोल्डरात आहे तिथं जाऊन हीच आज्ञा द्यायची, फक्त फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावायची. ती विसरली तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज यादीत शोधत बसतं.

घालताना फारसं बिघडत नाही. खरी काळजी काढताना.

गेल्या पावसाळ्यात भाच्याला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती हवी होती. जुनी अडचण करतेय असं वाटून त्यानं सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३ दिलं. पडद्यावर काढायच्या पॅकेजांची लांबलचक यादी आली, शेवटी 'पुढं जायचं का' हा प्रश्न आला, त्यानं होकाराचा वाय दाबला. मशिन बंद करून चालू केलं आणि मला हाक मारली, "मामा, नुसती काळी स्क्रीन येतीय." उबुंटूचा बराच भाग पायथनवर उभा आहे. पाया काढला की त्याच्यावरचं सगळं ॲप्ट सोबत काढतं, आणि ते त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं. पोराची चूक नव्हती. यादी वाचायला मी त्याला शिकवलंच नव्हतं.

म्हणून आता आमच्याकडं काढायच्या आधी रंगीत तालीम होते: रिमूव्हनंतर स्पेस, डॅश आणि एस. काय काय जाईल ते दिसतं, जात काहीच नाही. त्या यादीत उबुंटू-डेस्कटॉप (अख्खा डेस्कटॉप आणणारं पॅकेज) किंवा अनोळखी नावांची रांग दिसली, तर हात मागं घ्यायचा.

रिमूव्हनं प्रोग्रॅम जातो, पण ईटीसी फोल्डरातल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. पुन्हा घालणार असाल तर ते बरंच. त्याही नको असतील तर रिमूव्हच्या जागी पर्ज. तुमच्या होम फोल्डरातल्या फाइलींना मात्र पर्जही हात लावत नाही. सोबत आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजं सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्हनं निघतात. तीही यादी वाचूनच. ॲप्टनं स्वतः उतरवून साठवलेल्या डेब फाइलींनी अडवलेली जागा सुडो ॲप्ट क्लीननं मोकळी होते.

दोन अडचणी नेहमीच्या. सकाळी मशिन लावल्या लावल्या इन्स्टॉल केलं की कधी कधी लॉक (पॅकेजांत बदल करायची, एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) मिळत नाही असा संदेश येतो. मागं आपोआप अपडेट चालू असतात, पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल उडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दोन कामं एकदम चालली तर पॅकेजांची नोंदच बिघडू शकते. दुसरी अडचण, मध्येच लाइट जाणं. मशिन परत चालू झाल्यावर आधी ही एकच आज्ञा: सुडो डीपीकेजी, स्पेस, डॅश डॅश कॉन्फिगर, स्पेस, डॅश ए. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज घालणारं साधन. अर्धवट राहिलेलं काम पुरं होतं. तरी ॲप्ट कुरकुरलं तर सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल.

भाच्याचं मशिन त्याच संध्याकाळी सुरळीत झालं. काळ्या पडद्यावर लॉगिन होत होतं आणि नेट केबलनं चालू होतं. व्हार, लॉग, ॲप्ट अशा फोल्डरांत हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल असते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या आज्ञेनं काय आलं आणि काय गेलं, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. आधी उबुंटू-डेस्कटॉप परत घातलं, त्याबरोबर बरंच परत आलं. उरलेली नावं भाच्यानं त्या फाइलीतून वहीत उतरवली आणि मी एकेक घालत गेलो.