खराब रस्त्यावर गाडीचा वेग कसा ठरवावा

साताऱ्याहून कोरेगावकडे आणि पुढे आडगावांच्या वाटेला लागले की सुटे खड्डे, आडव्या उंचवट्यांनी पट्ट्यापट्ट्यांचा झालेला मुरमाचा रस्ता आणि खचून लाटांसारखे झालेले डांबर असे सगळे काही तासाभरातच भेटते, आणि यांपैकी प्रत्येकाला वेगळा वेग मानवतो.

सुट्या खड्ड्याचे गणित सरळ आहे. चाक कडेवर आपटते तेव्हाच्या दणक्याची ऊर्जा ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे ताशी 40 ऐवजी 20 किलोमीटर वेग ठेवला तर ती चौथाईवर येते. मात्र ब्रेक खड्ड्याच्या आधीच लावून चाक आत उतरण्यापूर्वी सोडावा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकते, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबतात आणि धक्का पचवायला त्यांना जागा उरत नाही. पाण्याने भरलेला खड्डा खोलच आहे असे धरून चालावे. उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे चिकटून गाडी चालवू नये. तिच्याखालून निघालेला खड्डा दिसेपर्यंत आपले चाक त्यात गेलेले असते.

मुरमाच्या रस्त्यावर बहुतेकांचा अंदाज चुकतो. पट्टे साधारण मीटरभर अंतरावर असतील तर ताशी 20 च्या वेगाने सेकंदाला पाच-साडेपाच हादरे बसतात. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला 4 ते 8 या गतीचे उभे हादरेच सर्वाधिक जाचतात. मागच्या सीटवरून आई ‘पोटात ढवळतंय रे’ म्हणते ती याच वेगाला. ताशी 10 वर आले की हादरे तीनच्या आत येतात. उलट ताशी 40 ला गाडी तरंगल्यासारखी वाटते खरी, पण तेव्हा चाके जमिनीवर नीट टेकतच नाहीत आणि वळणावर गाडी घसरते. हा सुखाचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

लाटांच्या डांबरावर गाडी झोके घेऊ लागते. स्प्रिंगांवरची गाडी स्वभावतः सेकंदाला एक-दीड वेळा डोलते. उंचवटे 12 मीटरवर असतील तर ताशी 54 ला दोन्हींचा ताल जुळतो. अशा वेळी वेग 35 पर्यंत उतरवला की झोके बसतात. तसे करूनही गाडी डोलतच राहिली, तर शॉकअप तपासून घ्यावेत.

टायरमधली हवा मात्र गाडी थंड असतानाच, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरावी. जास्त हवेचा टायर बारीक खडीसुद्धा थेट पाठीपर्यंत पोहोचवतो.