फिशटँकच्या पाठीमागे अंजनेरीचा कडा

नाशिकहून त्र्यंबक रोडने अंजनेरीकडे जाताना डोंगराला आडव्या पायऱ्या पडलेल्या दिसतात. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यांच्या त्या कडा. हा काळा कातळ घरच्या टँकमध्ये मागच्या काचेला उभा करायचा, तर खरा दगड कामाचा नाही. वजनाने काच जाईल. थर्माकोल कोरायचा, त्यावर सिमेंट चढवायचं, सील करायचं आणि चिकटवायचं. कोरणं एका रविवारात उरकतं. त्यानंतरचा महिना-दीड महिना बहुतेक वाट बघण्यातच जातो, आणि मासे दगावतात ते तिथे घाई केली म्हणून.

आधी माप. माझा टँक ३६ × १८ × १८ इंची. वरच्या काचपट्ट्यांमुळे अखंड पॅनेल आत जात नाही, म्हणून दोन किंवा तीन तुकडे करा आणि सांधा कड्याच्या एखाद्या उभ्या भेगेत येईल असा ठेवा, म्हणजे दिसत नाही. फिल्टरचा पाइप आणि हीटर कुठे बसणार ते आत्ताच पेन्सिलीने आखा. पॅनेलमागे मासा शिरेल एवढी फट कुठेही ठेवू नका. शिरलेला मासा परत येत नाही.

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण फ्रिज-वॉशिंग मशीनच्या खोक्यातला माल फुकटात मिळतो. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहिला, तर तो माल नको. थर जोडायला सिलिकॉनच वापरा, साधा पांढरा फेविकॉल पाण्यात सुटतो. लहानपणी गणपतीचं मखर कोरलेल्यांचा हात इथे आपोआप चालेल, फक्त ती सफाई विसरायची. कटरने अर्धं कापून उरलेलं हाताने मोडा. मोडलेली कड कातळासारखी दिसते, कापलेली केकसारखी. गरम तारेने कापणार असाल तर गच्चीवर जा, तो धूर छातीत जाऊ देऊ नये. स्प्रे पेंट, थिनर, पेट्रोल यांना थर्माकोलच्या जवळ आणू नका, तो डोळ्यांदेखत विरघळतो. कोरून झालं की सुटे मणी ब्रशने झाडून काढा, नाहीतर पुढे ते फिल्टरच्या मोटारीत सापडतात.

आता सिमेंट. पहिला हात ताकासारखा पातळ, ब्रशने प्रत्येक खाचेत गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी श्रीखंडाएवढा घट्ट. तिसऱ्या हातात फरशीकामाचा काळा ऑक्साइड आणि चिमूटभर लाल. हे लोहाचे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाहीत. रंग सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास पुरे. वॉटरप्रूफिंगची पावडर किंवा द्रव यात अजिबात घालू नका, त्यांपैकी काहींत बुरशीनाशक असतं. मागची बाजू आणि कडेची सेंटीमीटरभर पट्टी कोरी ठेवा. कारण पुढे येईलच.

मी पहिल्यांदा पॅनेल गच्चीवर कडक उन्हात वाळत टाकलं होतं. शेजारी प्लास्टर करणारे गवंडीकाका डोकावले आणि म्हणाले, "साहेब, त्याला पाणी मारा, ऊन कशाला दाखवता?" सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. म्हणून ओलं गोणपाट टाकून ७ दिवस सावलीत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीत १० दिवस धरा.

सील कशाला, तर सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढतो. नुसता पीएच चढला तर मासे एकवेळ तग धरतील, पण त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनियाही त्यासोबत विषारी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो; पीएच ९ ला तो एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणजे काल जे पाणी चाललं, तेच आज मारतं. आफ्रिकन सिक्लिडना कठीण, अल्कधर्मी पाणी मानवतं, तिथे सील नसलं तरी निभतं. गप्पी, एंजल, टेट्रा ठेवणार असाल तर पर्याय नाही.

सीलसाठी पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून लावायचं, दोन भागांचं, सॉल्व्हंट नसलेलं इपॉक्सी घ्या. ऑइल पेंट किंवा लाकडाचं पॉलिश चालणार नाही. सिमेंट आतून कोरडं झालंय का, हे बघायची युक्ती सोपी: प्लास्टिकचा तुकडा टेपने चारही बाजूंनी चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर अजून थांबा, ओल्यावर इपॉक्सी धरत नाही. दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणात काट्यावर मोजून घ्या, अंदाजाने मिसळलेलं कायम चिकट राहतं आणि पाण्यात उतरत राहतं. दोन हात द्या. दुसरा हात चिकट असताना धुऊन, चाळून, वाळवलेली क्रश सँड वरून भुरभुरा. ती आपल्याच डोंगरांच्या काळ्या दगडाची असते, त्यामुळे रंग जमतोच. वापरण्याआधी मूठभर वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाका. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, त्यांतले काही कॅल्साइटचे. फेस आला तर ती वाळू वापरू नका, कॅल्साइटही पीएच चढवतो. इपॉक्सीला ७ दिवस.

चिकटवण्यात मी सपशेल फसलो होतो. मजबुती यावी म्हणून पॅनेलच्या मागेही सिमेंट लावलं होतं. पाणी भरलं, सगळं सुरेख. रात्री दोनला हॉलमध्ये धप्प आवाज झाला. जाऊन बघतो तर अख्खा कडा सुटून वर काचपट्टीला टेकलेला, आणि रोपं मुळासकट तरंगत होती. नेहमीच्या टँक सिलिकॉनमधून घट्ट होताना आंबट वास येतो, तो असेटिक आम्लाचा. ते सिमेंटमधल्या चुन्यावर काम करतं आणि पकड सुटते. त्यात उचल केवढी! ९० × ४५ सेंटीमीटरचं, सरासरी ५ सेंटीमीटर जाडीचं पॅनेल २० लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे पाणी त्याला २० किलोच्या जोराने वर ढकलतं. सिमेंटचं वजन वजा केलं तरी पंधराच्या वर उरते.

तर काच आधी स्पिरिटने पुसा. सिलिकॉन पूर्ण सिलिकॉनच असलेलं आणि टँकसाठीचं हवं. बाथरूमचं 'अँटीफंगल' नको. कोऱ्या थर्माकोलवर उभ्या रेघा ओढा, सलग थापू नका: सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, मधोमध हवा पोहोचली नाही तर ते आठवडाभर लोण्यासारखं राहतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर आणखी वेळ लागतो. कडेने मात्र सलग रेघ, मागे साचलेलं पाणी कुजू नये म्हणून. टँकच्या मूळ सांध्यांना कटर लावायचा नाही. टँक आडवा करून पॅनेलवर पुस्तकांचं वजन ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी नाही, आणि कमीत कमी ७ दिवस.

मग काठोकाठ भरा. त्याच नळाचं पाणी एका बादलीत शेजारी ठेवा, कारण ठेवलेल्या पाण्याचा पीएच आपणहूनही थोडा हलतो. तीन दिवसांनी दोन्ही तपासा. टँकचा बादलीपेक्षा जास्त आला, तर पाणी पूर्ण काढून पुन्हा भरा. मला चार वेळा करावं लागलं, कारण भेगेत एके ठिकाणी इपॉक्सी पोहोचलंच नव्हतं. दोन तपासण्या लागोपाठ सारख्या आल्या की फिल्टर सुरू करा, क्लोरीन काढा आणि पहिल्या खेपेला दोन-तीनच मासे सोडा. सकर कॅट, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, शेवटी. तो रात्रभर कडा खरवडतो. पांढरा थर्माकोल कुठे उघडा पडला तर त्याच्या आधी तुमच्या लक्षात यायला हवा.